पोटमाळ्यावरच्या सुऱ्या

पहिली नाहीशी झाली ती पावाची सुरी. आईने शेजारच्या दोम्निकावर आळ घेतला, कारण ती आदल्या दिवशी भोपळा मागायला आली होती. मग कात्री गेली. मग माझ्या विणकामाच्या सुया, मग लाकडाच्या खोपीत खिळ्याला टांगलेला विळा. आठवड्याभरात घरात धार असलेली एक वस्तू उरली नाही, आणि आम्ही पाव हाताने तोडून खायला लागलो.

"दोम्निका विळा कशाला नेईल?" मी आईला म्हटलं. "तिच्याकडे दोन आहेत."

"मग कोण नेतंय? भूत?" आई म्हणाली, आणि स्वतःच्याच बोलण्याने दचकून तिने छातीवर क्रूस काढला.

घरात आम्ही पाच जण. आई, म्हणजे रफिला. मी ओतिलिया, तेव्हा एकेचाळीस वर्षांची, बिनलग्नाची, गावातलं औषधांचं दुकान सांभाळणारी. माझा धाकटा भाऊ त्रायान, फर्निचरच्या कारखान्यात कामाला. त्याची बायको कोद्रुत्सा. आणि त्यांची सहा आठवड्यांची मुलगी सोरिना. गाव रोमानियात, सोमेश नदीच्या काठी, क्लुज शहराहून बसने सव्वा तासावर.

त्या रविवारी डोकं दुखत होतं म्हणून मी चर्चमधून लवकर परतले. अंगणात शिरले तर कोद्रुत्सा पोटमाळ्याच्या शिडीवरून उतरत होती. मला बघून तिच्या शेवटच्या दोन पायऱ्या चुकल्या आणि ती खाली बसलीच.

"वर काय करत होतीस?"

"अक्रोड वाळलेत का बघत होते, ताई."

अक्रोड अजून झाडावर होते.

ती आत गेल्यावर मी वर चढले. जॅम घोटायच्या तांब्याच्या कढईत एक घोंगडं गुंडाळून ठेवलेलं होतं. सगळं त्यात होतं. पावाची सुरी, मांसाची सुरी, कात्री, सुया, विळा, आईची सोलणीसुद्धा. वरून दोरी आणि दोरीला सात गाठी. मी ते तसंच ठेवून खाली आले आणि कुणालाही काही बोलले नाही. मला वाटलं, ही पोरगी हत्यारं जमवते आहे.

मग मी तिच्यावर नजर ठेवायला लागले, आणि नजर ठेवल्यावर जे दिसलं त्याने माझी झोप उडाली. कोद्रुत्सा बाळाला अंघोळ घालत नव्हती. पाणी तापवायची, टॉवेल काढायची, आणि ऐन वेळी काहीतरी निमित्त काढून बाळाला आईच्या हातात द्यायची. दूध पाजताना डोळे भिंतीकडे. पाजून झालं की बाळाला पाळण्यात टाकायची, टाकायची म्हणजे अक्षरशः हात भाजल्यासारखे मागे घ्यायची, आणि ओसरीवर थंडीत खुर्ची टाकून बसायची. दोन्ही हात मांडीखाली दाबून. त्रायान कामावर निघाला की ती माझ्या मागेमागे फाटकापर्यंत यायची.

"ताई, आज दुकान उशिरा उघडलं तर नाही चालणार?"

"का गं?"

"असंच. आईंना एकटं वाटतं."

आईला एकटं वाटत नव्हतं. आई मुलीला दृष्ट लागली म्हणून पाण्यात निखारे सोडून काहीबाही पुटपुटण्यात गुंग होती. तिने सोरिनाच्या मनगटाला लाल दोरा बांधला. मग एक कोद्रुत्साच्याही मनगटाला बांधला. तो बांधताना ती सुनेच्या तोंडाकडे बघत नव्हती.

ऑक्टोबरात एका दुपारी मी जेवायला घरी आले होते. आई अंगणात कोबी किसायला किसणी शोधत होती. किसणीही गेली होती. कोद्रुत्सा माझ्याजवळ आली आणि अगदी हळू म्हणाली, "ताई, मी जरा पडते. तुम्ही खोलीला बाहेरून कडी लावा."

"बाळ माझ्याकडे आहे. कडी कशाला?"

"लावा ना. मी हाक मारली तरी उघडू नका. कितीही मारली तरी."

मी कडी लावली. त्याच संध्याकाळी पाळणा उचलून माझ्या खोलीत नेला. त्रायान भडकला. "डोकं फिरलंय का तुझं? पोरगी आईपासून तोडतेस?" मी म्हटलं, विचार तुझ्या बायकोला. तो तिच्याकडे वळला. ती शेगडीपाशी उभी होती, ओठ पांढरे पडलेले. मला वाटलं रडेल, भांडेल. ती म्हणाली, "उपकार झाले, ताई."

ते शब्द मी अजून विसरलेले नाही. कुठली आई असं म्हणते?

दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं. स्वतःहून नाही, मी पोटमाळ्यावरचं घोंगडं तिच्यासमोर आणून ठेवलं तेव्हा. गाठी सोडायला लागले तशी ती किंचाळली, "सोडू नका!" आणि दाराच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. तिथूनच बोलली, चौकटीला धरून.

बाळ तीन आठवड्यांचं असताना ती कांदा चिरत होती. सोरिना टेबलावर टोपलीत झोपलेली. टाळू धडधडत होती, तान्ह्या मुलांची धडधडते तशी. आणि कोद्रुत्साच्या मनात आलं, आता हा हात तिकडे वळला तर. नुसतं आलं नाही, दिसलं. रक्तासकट. तिने सुरी सिंकमध्ये फेकली. संध्याकाळी पुन्हा दिसलं. मग कात्री बघितली तरी दिसायचं, मग उशी बघितली तरी, मग अंघोळीचं पाणी.

"दिवसातून किती वेळा?" मी विचारलं.

"मोजत नाही. सतत." ती म्हणाली. "ताई, मी कोण आहे हो? माझ्यात काय आहे?"

खरं सांगायचं तर मी तिला जवळ घेतलं नाही. मी घोंगडं पुन्हा बांधलं, आणि माझ्या सात गाठी तिच्यापेक्षा घट्ट होत्या.

मग घरात तीन मतं झाली. आई म्हणाली, हिला मठात न्या, तिथले म्हातारे पाद्री असल्या गोष्टी काढून टाकतात. त्रायान म्हणाला, वेड्यांच्या इस्पितळात टाकलं तर पोरगी जन्मभर वेडीची पोर म्हणून ओळखली जाईल, म्हणून कुठेच नको. आणि ओसरीवर जाऊन एकामागून एक सिगारेटी ओढत बसला. मी गावच्या डॉक्टरकडे गेले. त्याने कोद्रुत्साला तासभर एकटीला बसवून तपासलं. बाहेर आला तेव्हा मी म्हटलं, "पोलिसांना सांगायला लागेल का?"

"पोलिसांना काय सांगणार? की एका बाईला स्वतःची भीती वाटते?" त्याने चिठ्ठी लिहिली. "क्लुजला हर्मिनाबाई आहेत, मानसोपचार करतात. या आठवड्यातच न्या. आणि तुम्हीही आत बसा."

हर्मिनाबाईंची खोली एका चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर होती. खालून हातोडीचा आवाज येत राहायचा. बाई बुटक्या, सर्दीने नाक लाल झालेलं, अंगात विरलेला स्वेटर. मला वाटलं होतं कुणी भारदस्त बाई असेल. त्यांनी आधी एकेक प्रश्न विचारला, घाई न करता. आवाज ऐकू येतात का? कुणी हुकूम देतंय असं वाटतं का? बाळात काही वाईट शक्ती आहे, तिला मारलं पाहिजे, असं कधी पटतं का? स्वतः मरावंसं वाटतं का? हा विचार आला की बरं वाटतं की भीती वाटते?

"बरं?" कोद्रुत्सा उठूनच उभी राहिली. "बाई, मी हात तोडून टाकीन माझे!"

"बसा. हात लागतील." बाईंनी नाक पुसलं. "हे विचारावंच लागतं. कधीकधी बाळंतपणानंतर बाईला ते खरंच पटायला लागतं. तसं असतं तर मी तुम्हाला इथे बसवलं नसतं, आजच्या आज इस्पितळात पाठवलं असतं. तुमचं ते नाही."

मग त्या एकदम माझ्याकडे वळल्या. "तुम्ही, ताई. तुमच्या मनात कधी असलं काही आलंय?"

"माझ्या? नाही."

"कधीच नाही?"

खाली हातोडी चालू होती. मला आठवलं. त्रायान दोन वर्षांचा होता, मी अकराची. त्याची बाबागाडी ढकलत मी नदीवरच्या पुलावर आले होते आणि मनात आलं होतं, उतारावर दांडा सोडला तर? तळहात घामाने ओले झाले होते. तीस वर्षं मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. त्या खोलीत सांगितलं, आणि कोद्रुत्सा माझ्याकडे अशी बघत राहिली जणू मी दुसरीच कुणी होते.

"मग तुम्ही काय केलंत?" बाईंनी विचारलं.

"काय करणार? घरी गेले. जेवले."

"तेवढाच फरक आहे," हर्मिनाबाई म्हणाल्या. "विचार दोघींना आला. तुम्ही जेवलात. हिने त्याला सही-शिक्क्याचा कागद मानलं. की विचार आला म्हणजे मी तशीच आहे. मग सुऱ्या लपवल्या. लपवल्यावर जरा हायसं वाटलं. आणि मेंदू काय शिकला? की सुऱ्या लपवल्या म्हणून पोर वाचलं. म्हणजे धोका खराच होता. पुढच्या वेळी भीती दुप्पट."

या उपचाराला त्या कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी म्हणाल्या. आईला सांगताना मी म्हटलं, विचार आणि वागणं, दोन्ही तपासायचा इलाज. वहीत लिहायचं: काय घडलं, मनात काय आलं, भीती शंभरात किती, मग तू काय केलंस, आणि प्रत्यक्षात काय झालं. आणि सुऱ्या एकेक करून घरात परत आणायच्या. आधी बोथट, मग धारदार. आधी बाळ दुसऱ्या खोलीत, मग जवळ. भीती चढली की पळायचं नाही. ती आपसूक उतरेपर्यंत तिथेच थांबायचं.

"आणि उतरली नाही तर?" कोद्रुत्साने विचारलं.

"तर जास्त वेळ थांबायचं."

मला एक वेगळी ताकीद मिळाली. कोद्रुत्साने विचारलं की 'ताई, मी असं करणार नाही ना?', तर 'नाही गं' म्हणायचं नाही. ते म्हणणं म्हणजे आणखी एक सुरी पोटमाळ्यावर नेणं.

"मग काय म्हणू?"

"म्हणा, मला माहीत नाही. बघू."

परतीच्या बसमध्ये मला वाटत होतं, या बाईला एक तर सगळं कळतं, नाहीतर काहीच कळत नाही. आणि त्या दोन्हींमध्ये एक तान्हं मूल होतं.

नोव्हेंबर असा गेला. लोण्याची सुरी टेबलावर, पंधरा मिनिटं, बाळ माझ्या खोलीत. कोद्रुत्सा घामाघूम. वहीत तिने आधी लिहिलं होतं: "सुरी समोर राहिली तर मी ती उचलून ताईंच्या खोलीत जाईन. खात्री नव्वद." खाली नंतर लिहिलं: "उचलली. पावाला लोणी लावलं." मी वाचून हसले, आणि कितीतरी दिवसांनी तीही हसली. पण दुसऱ्याच दिवशी मांसाची सुरी बघून ती ओकली. तिसऱ्या दिवशी तिने सगळं पुन्हा घोंगड्यात बांधलं आणि मला विचारलं, "मी तशी नाही ना, ताई? एकदाच सांगा. एकदाच."

"माहीत नाही," मी म्हटलं. "बघू."

तिने माझ्याकडे जसं बघितलं तसं कुणी वैऱ्याकडेही बघू नये. आई आतून ऐकत होती. "तुझी जीभ झडो," ती मला म्हणाली. "पोरीचं काही झालं तर तुझ्या डोक्यावर."

हर्मिनाबाईंनी घोंगड्याची हकीकत ऐकली आणि विचारलं, "सोडायला किती वेळ लागला?" कोद्रुत्सा म्हणाली, अजून सोडलं नाही. "मग आजचा अभ्यास ठरला," बाई म्हणाल्या. एवढंच. रागावल्या नाहीत, गोंजारलंही नाही.

डिसेंबरच्या वीस तारखेला, संत इग्नातच्या दिवशी, गावात नाताळासाठी डुकरं मारतात. सकाळपासून अंगणाअंगणातून धूर आणि किंकाळ्या. आमच्याकडे दोम्निकाचा नवरा येतो डुक्कर मारायला. त्या दिवशी घरात सुऱ्याच सुऱ्या. बाकावर, पिंपावर, बर्फात खुपसलेल्या. आईने आधीच फर्मान काढलं होतं की कोद्रुत्साने आज माहेरी जावं. कोद्रुत्सा म्हणाली, "नाही. सॉसेजचा कांदा मी चिरते. सोरिना माझ्याजवळ राहील."

"कोण राहील आणखी?" आईने विचारलं.

"कुणी नाही."

त्रायानच्या हातात बादली होती, ती त्याने खाली ठेवली. मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता, म्हणजे ठरवायचं मी. मी पाळणा स्वयंपाकघरात नेला, टेबलापासून हातभर अंतरावर ठेवला. बाहेर आले. दार ओढून घेतलं.

आई दाराला पाठ लावून जपमाळ घेऊन बसली. मी खिडकीखाली. खिडकीला आतून वाफ धरली होती, काही दिसत नव्हतं. फळीवर सुरीचा आवाज येत होता, टक टक टक, सावकाश. मग सोरिना कुरकुरली. आवाज थांबला.

मी वाट बघितली. सुरी सुरू होईना. सोरिना मोठ्याने रडायला लागली आणि रडता रडता एकदम थांबली. मुलं अशी थांबतात, कुणी उचललं की. किंवा. अंगणात दोम्निकाचा नवरा काहीतरी मोठ्याने हसत सांगत होता, आणि मला वाटलं, हे असं घडतं, कुणीतरी हसत असतानाच.

मी आईला बाजूला ढकललं आणि दार उघडलं.

कोद्रुत्सा पाळण्याशेजारी उभी होती. उजव्या हातात सुरी, मुठीत आवळलेली, टोक जमिनीकडे. डावा हात पाळण्यात, आणि सोरिना तिचं बोट तोंडात घालून चोखत होती. कोद्रुत्साच्या गालांवरून पाणी वाहत होतं. कांद्याचं की कशाचं, मला सांगता येणार नाही. ती वळली नाही.

"ताई, बाहेर जा."

"कोद्रुत्सा, ती सुरी आधी..."

"भीती अजून ऐंशीवर आहे. उतरली नाही. तुम्ही थांबलात तर मला कधीच कळणार नाही. जा."

माझ्या मागे आई उभी होती. तिने माझी बाही धरली होती आणि ती मला आत ढकलत होती. मी आयुष्यात कितीतरी कामं निभावली आहेत, वडिलांचे डोळे माझ्या हाताने मिटले, पण ते दार पुन्हा ओढून घेण्याइतकं अवघड काही केलेलं नाही. मी आईला घेऊन बाहेर आले. माझ्यावर तिचा हात उठला, गालावर बसला. मी तिला धरून ठेवलं.

किती वेळ गेला ते मी बघितलं नाही. केस जाळायला डुकराच्या अंगावर पेटवलेलं गवत जळून विझलं, पुरुषांनी घरच्या पालिंका दारूचा पहिला पेला घेतला, दुसरा घेतला. त्रायानने घेतला नाही. मग फळीवर आवाज सुरू झाला. आधी एक टक, मग बराच वेळ काही नाही, मग टक टक टक, भरभर, जशी घाईतली बाई कांदा चिरते.

त्या दिवशीच्या वहीत तिने लिहिलं: "खात्री होती, पंच्याण्णव. झालं काय: दोन किलो कांदा. भीती शेवटी तीस. ताई एकदा आल्या."

त्यानंतर सगळं सरळ झालं असं नाही. जानेवारीत आठवडाभर ती पुन्हा ओसरीवर बसली. गावच्या डॉक्टरने एक गोळीही सुरू केली, आणि हर्मिनाबाई म्हणाल्या, काहींना दोन्ही लागतं, त्यात कमीपणा नाही. एकूण चौदा वेळा आम्ही क्लुजला गेलो. जिन्यावर दर वेळी कुणी ना कुणी भेटायचं. हात धुऊन धुऊन सालटं निघालेला एक कारकून, लिफ्टमध्ये श्वास अडकतो म्हणून कामावर रोज पाच मजले चढणारी एक जाडजूड बाई, नवरा गेल्यापासून अंथरुणातून न उठणारी आणि आता आठवड्यातून एकदा एवढ्यापुरती उठणारी एक म्हातारी. "सगळे बरे होतात का?" मी बाईंना विचारलं होतं. "नाही," त्या म्हणाल्या. "बरेच होतात. जे वही लिहितात ते जास्त. काही मधेच सोडून जातात, आणि मला कळत नाही त्यांचं पुढे काय होतं."

मार्चमध्ये पाळणा माझ्या खोलीतून गेला. कोद्रुत्साने स्वतः उचलून नेला. जाताना म्हणाली, "ताई, त्या वेळी तुम्ही पाळणा नेलात ना, ते मी नंतर वहीत माझ्याविरुद्धचा पुरावा म्हणून लिहिलं होतं. ताईंनाही खात्री आहे, असं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आईचं मात्र बदललं नाही. तिच्या मते निखाऱ्यांनी काम केलं, आणि जे आत होतं ते गेलं नाही, झोपलंय. सोरिना चालायला लागली, बोलायला लागली, शाळेत गेली. ती कोद्रुत्साजवळ एकटी दिसली की आई अजून दारात येऊन उभी राहते. कोद्रुत्सा तिला खुर्ची देते.

गेल्या वर्षी दुसरं बाळ झालं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी कोद्रुत्सा त्याला बाबागाडीत घालून माझ्या दुकानात आली. आत पाच-सहा बायका रांगेत होत्या. तिने रांगेबाहेरूनच मला सांगितलं, दाढ दुखतेय सांगावं तशा आवाजात, "ताई, पुन्हा सुरू झालंय, बाळाला इजा करायचे विचार. सोमवारी हर्मिनाबाईंकडे जाते. दुपारी घरी जेवायला या, वाट बघते."

"येते," मी म्हटलं.

ती गेली. एका बाईने आपली बाळाची गाडी हळूच मागे ओढली, जणू दारातून काहीतरी आत आलं होतं आणि अजून गेलं नव्हतं. दुसरी, अगदी तरुण, पोट सात महिन्यांचं, काचेतून कोद्रुत्सा दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि ती कोद्रुत्साला घाबरली होती की स्वतःच्याच मनातलं काही तिला आठवलं होतं, हे मला तेव्हा ओळखता आलं नाही.

मी हात पुसले आणि विचारलं, "पुढचं कोण?"